अजिंक्य रोमुलो आणि उंचीची धाप

गेली नऊ वर्षं रोमुलो तिंताया दर शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या झोनच्या, म्हणजे वस्तीच्या, रेडिओवर बसतो आणि जुन्या व्हिडिओ गेमची अब्रू काढतो. कार्यक्रमाचं नाव ‘टिकला की खपला’. गेम ही बघायची वस्तू आणि रेडिओ ऐकायचा, ही अडचण त्याला कधी जाणवलेलीच नाही. पडद्यावर काय दिसतंय ते तो तोंडाने सांगतो, बंदुकीचे आणि उड्यांचे आवाजही तोंडानेच काढतो, आणि शेवटी घसा खाकरून निकाल देतो. त्या वेळी आमच्या एल आल्तो शहरातली अर्धी मंडळी बटाटे सोलत असतात, उरलेली अर्धी मिनीबसमध्ये अडकलेली असतात, आणि चालकाने जे लावलंय ते ऐकण्यावाचून त्यांना इलाज नसतो. रोमुलोचा समज असा की सगळं शहर त्याच्यासाठी थांबलेलं आहे.

मी सेनोबिया. ‘सोळा जुलै’ नावाच्या बाजारात त्याच्या शेजारच्या गाळ्यात वायरी, प्लग आणि रिमोट विकते. माझ्या दुकानाच्या फळीचा तो धर्मपिता आहे. आमच्याकडे केकला, बँडला, फुटबॉलच्या गणवेशाला, सगळ्याला धर्मपिता लागतो, तसा फळीलाही लागला. फळी बसवली त्या दिवशी रोमुलोने तिच्यावर बिअर शिंपडली, रंगीत कागद उधळले, जुन्या गेमबद्दल भाषण ठोकलं आणि फळीबद्दल एक शब्दही न बोलता जेवायला बसला. तेव्हापासून तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. हे नातं जुळलं की माणसाला चारचौघांत शिव्या देता येत नाहीत, म्हणून मी त्याच्याशी आदराने बोलते आणि मनात वेगळंच बोलते.

त्याचे नियम कडक आहेत. गेम उभ्याने खेळायचा, थंडीत खेळायचा आणि सलग तीन तास खेळायचा. लहानपणी तो किती आवडायचा हे सांगायला बंदी. ‘आठवणीला गुण नाहीत,’ हे वाक्य तो दर शनिवारी म्हणतो, आणि लोकही ते आता मुलांच्या प्रगतिपुस्तकावर वगैरे वापरायला लागलेत. एक शाळामास्तर नाण्याच्या मशीनमधून काढून तीस वर्षं जपलेला गुहेचा गेम कापडात गुंडाळून त्याच्याकडे घेऊन आले. बिचाऱ्यांना कौतुक ऐकायचं होतं. शनिवारी रोमुलो म्हणाला, पायऱ्यांवरची ती उडी अर्ध्या बोटाने चुकते, ती खेळणाऱ्याची चूक नाही, बनवणाऱ्याची लबाडी आहे. तुम्ही मरावं आणि परत नाणं टाकावं म्हणून ती पायरी तिथे ठेवली. तुम्ही त्याला अवघड म्हणत आलात, तो फक्त हावरट होता. संगीत अजून छान आहे, पण संगीतच हवं तर बँड बोलवा. खपला. मास्तर दोन आठवडे बाजारात फिरकले नाहीत.

गाड्यांच्या शर्यतीबद्दल तो म्हणाला की डोंगर मागे पळतात आणि गाडी जागेवरच असते. मारामारीच्या एका गेमबद्दल म्हणाला की यात एकच लाथ आहे, ती सापडली की शेवटच्या राक्षसापर्यंत डोकं घरी ठेवून या. हे मी स्वतः खेळून बघितलं. डाव्या कोपऱ्यात बसून तीच लाथ मारत राहिले आणि खरोखरच शेवटच्या राक्षसापर्यंत पोचले. खरं सांगायचं तर रोमुलो बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि माझा संताप त्याचाच आहे. लबाड माणूस मूर्ख असला की सोपं जातं.

कारण सगळ्या गेमना लावलेले नियम एका गेमला लागू नव्हते. तो त्याचा.

रोमुलोचा बाप खाणीत होता. शहाऐंशीत खाण बंद झाली, कामगारांच्या हातावर थोडे पैसे ठेवले गेले आणि ती सगळी बिऱ्हाडं इथे वर येऊन राहिली. बापाला त्या पैशातून शिवणयंत्र घ्यायचं होतं. रोमुलोने काय जादू केली देव जाणे, पण शिवणयंत्राच्या जागी चिलीहून आलेली तीन सेकंडहँड गेमची मशीनं आली. बाप मरेपर्यंत फाटकी विजार घालून त्या मशीनांसमोर बसला. त्यांनी मातीच्या भिंतींची एक खोली घेऊन टिलीन उघडला. गेम खेळायच्या अड्ड्याला आमच्याकडे टिलीन म्हणतात. आत कायम ओल्या मेंढीचा वास. बाहेर एकापाठोपाठ एक आया हातात पळी घेऊन पोरांना ओढायला उभ्या.

तीनपैकी दोन मशीनं वर्षभरात बंद पडली. तिसरं होतं फुटबॉलचं, ‘रेलाम्पागो’. दोघांनी समोरासमोर नाही, शेजारी उभं राहून खेळायचं. प्रत्येकाला एक दांडी आणि तीन बटणं: पास, शॉट, धाव. धावेचं बटण जितक्या भराभर दाबाल तितका खेळाडू पळणार. टिलीनमधला रिवाज असा की जो जिंकतो तो डावीकडे उभा राहतो आणि त्याची टीम बोलिव्हिया. आव्हान देणारा उजवीकडे, त्याने बाकी जगातली कुठलीही टीम घ्यावी. डावीकडे उभं राहून बोलिव्हिया सोडून दुसरी टीम घेणाऱ्याला टिलीनमधून बाहेर काढलं असतं, आणि बाहेर काढून सोडलं नसतं.

आता या गेमचा चमत्कार ऐका. पहिल्या हाफमध्ये ब्राझील, इटली, जर्मनी कोणीही असो, वाऱ्यासारखे पळायचे. दुसऱ्या हाफमध्ये, साधारण साठाव्या मिनिटानंतर, त्यांना धाप लागायची. तुम्ही बटण कुटून कुटून बोटाची साल काढा, ते चालतच राहायचे. बोलिव्हियाचे अकरा मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत ताजे. जपानात बसलेल्या कुणा शहाण्याला आमची उंची माहीत होती. चार हजार मीटरवर परक्यांची छाती फुटते, हे त्याने गेममध्ये घातलं होतं. आम्हाला किती अभिमान वाटायचा ते सांगता येत नाही. आमचा देश म्हणजे नकाशावरचा एक तुकडा, ज्याला समुद्रही उरला नाही, आणि एवढ्या लांबच्या माणसाने आमचा श्वास मोजला होता.

रोमुलोने यावर संपूर्ण शास्त्र उभं केलं. ब्राझीलला पंचावन्नाव्या मिनिटाला धाप लागते, अर्जेंटिनाला साठाव्या, पेरूला सत्तराव्या, कारण त्यांच्याकडेही डोंगर आहेत. लोक मान डोलवायचे. पुढे रेडिओवर बसल्यावर त्याने हेच शास्त्र सगळ्यांच्या माथी मारलं. कुठलाही गेम असो, शेवटी तुलना रेलाम्पागोशी. ‘याला पाणी कसं दाखवायचं हे कळलंय, पण हवा कळलीय का? रेलाम्पागोला कळली होती.’ एकदा सांता क्रूझहून, म्हणजे खालच्या सपाट मुलखातून, एका माणसाने फोन केला. म्हणाला, आमच्याकडेही तोच गेम होता, पण धाप वगैरे काही लागायची नाही कुणाला. रोमुलो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, ‘साहेब, तुमच्याकडे उंचीच नाही, तर तुमच्या मशीनला ती कुठून माहीत असणार?’ त्या दिवशी मिनीबसमध्ये टाळ्या वाजल्या म्हणे.

डाव्या बाजूला रोमुलो तीन वर्षं उभा होता. टिलीनच्या भिंतीवर त्याने स्वतःच रंगवून घेतलं होतं: ‘अजिंक्य’. पंचाण्णवमध्ये झोनची स्पर्धा झाली आणि फायनलला मी पोचले. चौदा वर्षांची होते. पाव आणायला जाते सांगून घरून निघायचे आणि टिलीनमध्ये जायचे, त्यामुळे आमच्या घरी त्या वर्षी सगळ्यांनी शिळा पाव खाल्ला. फायनलला मी कोलंबिया घेतली. पहिल्या हाफमध्ये दोन गोल केले. रोमुलोच्या कपाळावर घाम आला होता, आणि आमच्या थंडीत घाम येणं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक.

दुसऱ्या हाफमध्ये माझ्या कोलंबियाला धाप लागली. मी तीन-दोन हरले. हरण्याचं एवढं नाही. पण रोमुलो त्या गर्दीकडे वळला आणि म्हणाला, ‘पोरीने डोकं चालवलं, पण छातीत श्वास किती असणार?’ सगळे हसले. माझा भाऊही हसला. वर्षभर शाळेत मला बघितलं की मुलं जीभ काढून धापा टाकायची. मी त्यानंतर टिलीनमध्ये पाय ठेवला नाही. घरच्यांना ताजा पाव मिळायला लागला.

रोमुलो पुढे शहराच्या स्पर्धेला खाली ला पासला गेला आणि तिथल्या मशीनवर पहिल्याच सामन्यात हरून आला. कारण विचारलं तर म्हणाला, ला पास आपल्यापेक्षा चारशे-पाचशे मीटर खाली आहे, तिथे परक्यांना तेवढी धाप लागत नाही. हे लोकांनी मानलं. मीही मानलं, हे सांगायला लाज वाटते.

मग घरोघरी गेम आले, टिलीन बंद पडला, रोमुलोने बाजारात दुरुस्तीचा गाळा टाकला आणि रेलाम्पागो त्याच्या घराच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली गेला. वीस वर्षं तिथेच. त्याची बायको त्याच्यावर कोंबड्यांचं खाद्य ठेवायची. बायको गेली, कोंबड्या गेल्या, ताडपत्री राहिली.

यंदा झोनच्या वर्धापनदिनाला आणि कार्यक्रमाच्या चारशेव्या भागाला एकच मुहूर्त निघाला. झोनच्या समितीने ठरवलं की रेलाम्पागो बाहेर काढायचा, शाळेच्या पटांगणात मांडायचा, रोमुलोने सगळ्यांसमोर खेळायचं आणि तिथल्या तिथे रेडिओवर निकाल द्यायचा. विरोधात कोण, तर पंचाण्णवची उपविजेती. मला विचारायला समितीचे तिघे आले, तेव्हा मी नाक मुरडलं आणि दोन मिनिटं वेळ मागितला. मला तेवढाही लागणार नव्हता.

मशीन चालू करायचं काम माझ्याकडेच आलं. रोमुलोचे डोळे आता बारीक कामाला चालत नाहीत, आणि वायरींना डाग देण्यात माझा हात बाजारात पहिला आहे. मी मागची फळी काढली. पडदा ठीक होता, वायरी उंदरांनी थोड्या कुरतडल्या होत्या. डावीकडची बटणं स्वच्छ. उजवीकडचं धावेचं बटण उघडलं आणि मी दिवा जवळ ओढला.

प्रत्येक बटणाच्या खाली धातूची एक पातळ पाती असते, बटण दाबलं की ती टेकते आणि खेळाडू पळतो. उजवीकडच्या त्या पातीवर तपकिरी खरवड चढली होती, नखाएवढी जाड, वास अजून आंबूस. कार्निव्हलच्या मंगळवारी आम्ही सगळे दुकानाला, गाडीला, यंत्राला बिअर शिंपडतो, धरणीमातेचा वाटा म्हणून. रोमुलो दर वर्षी मशीनच्या उजव्या कोपऱ्यावर ओतायचा, कारण डाव्या कोपऱ्यावर तो स्वतः उभा असायचा आणि त्याला बूट ओले करायचे नसायचे. बिअर बटणातून आत उतरली, पाती गंजून कागदासारखी झाली. मी नव्या तारेने जोडून बघितलं. दाबत गेलं की दोनशे-तीनशे वेळा ठीक चालायची, मग वाकून बसायची. दोन मिनिटं हात लावला नाही की परत सरळ.

जपानातल्या शहाण्याने काही केलं नव्हतं. आमच्या उंचीचा त्याला पत्ता नव्हता. पेरूची छाती ब्राझीलपेक्षा मजबूत नव्हती. एक गंजकी पाती होती, आणि तिच्यावर एका माणसाचं अजिंक्यपद, एका झोनचा अभिमान आणि माझ्या छातीतला श्वास उभा होता.

मी पाती बदलली. दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला जिंकायचं होतं. रोमुलोला सांगायला हवं होतं, चहा प्यायला तो दोनदा माझ्या गाळ्यावर येऊनही गेला, आणि मी दोन्ही वेळा हवेच्या गप्पा मारल्या.

सामना रविवारी दुपारी झाला. पटांगणात तीनेकशे माणसं, बँड, जांभळ्या मक्याचा वाफाळता आपि आणि तेलात फुगलेल्या चीजच्या पुऱ्या. रोमुलो नव्या टोपीत, डावीकडे, बोलिव्हिया. मी उजवीकडे, कोलंबिया. रेडिओच्या माणसाने माईक त्याच्या तोंडासमोर धरला होता, आणि तो खेळता खेळता लोकांना समजावत होता की बघा, दांडी अजून कशी गुळगुळीत आहे, आजकालच्या गेममध्ये खेळाडू वळायला मिनिट घेतो. पहिला हाफ एक-एक. मध्यंतरात त्याने जाहीर केलं, ‘आता साठावं मिनिट बघा. माझी कोमाद्रे हुशार आहे, पण हवा कुणाच्या बापाची नसते.’

साठावं मिनिट आलं. माझे खेळाडू पळत होते. सत्तरावं आलं. ते पळतच होते. मी एकसष्टाव्या मिनिटाला एक, अडुसष्टाव्याला दुसरा आणि शेवटी एक असा गोल केला की तो मारून मी स्वतःच मागे वळून बघितलं, कुणी बघितला का म्हणून. चार-एक. माईकसमोर रोमुलो ‘आता... आता लागेल धाप... आता’ एवढंच म्हणत होता, आणि शेवटी धाप लागली ती त्याला.

मी तीस वर्षं त्या क्षणाची वाट बघितली होती. वाटलं होतं, लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्याने मोठ्याने सांगितलं की कोलंबियावाले हल्ली दम टिकावा म्हणून कोकाची पानं चघळून येतात. दुसरा म्हणाला, मशीन वीस वर्षं झाकून ठेवलं, त्याला हवा लागली नाही, ते उंची विसरलं. मग एक बाई हळूच म्हणाली, ‘माएस्त्रो म्हातारे झाले हो,’ आणि ते मात्र सगळ्यांना पटलं. लोक रोमुलोच्या पाठीवर हात फिरवायला लागले. कुणी त्याला खुर्ची आणली. मला कुणी पाणीही विचारलं नाही. निकाल विचारला तेव्हा रोमुलो म्हणाला, ‘पुढच्या शनिवारी.’

पुढच्या शनिवारी रेडिओवर बँडच्या धून लागल्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही, आणि त्याच्याही पुढच्या. गाळा बंद. मी पहिल्या आठवड्यात खूश होते, दुसऱ्या आठवड्यात मला कंटाळा आला, तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की शेजारी बसून नाकाने कांदे सोलणारा तो माणूस नसला तर मला दिवस जात नाही. हे लिहितानाही राग येतोय, पण आहे ते आहे.

बुधवारी दुपारी पाव घेऊन त्याच्या घरी गेले. अंगणात उन्हात कोट घालून बसला होता. मशीन परत ताडपत्रीखाली. दाढी वाढली होती, मान खांद्यात गेली होती. त्याने मला स्टूल दिलं आणि पाव बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘कोमाद्रे, तू कधी कुणाची भीड ठेवली नाहीस. त्या दिवशी काय झालं, खरं सांग.’

माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक, की तुम्ही म्हातारे झालात. ते खोटं होतं, पण त्यात इज्जत होती. म्हातारपण सगळ्यांना येतं आणि म्हाताऱ्या विजेत्याला लोक खुर्ची देतात. दुसरं उत्तर खरं होतं. तुम्ही म्हातारे झाला नाहीत, तुम्ही कधी विजेते नव्हतातच. त्याच्या आयुष्यात दुसरं काही झालं असतं तर ते उत्तर मी तोंडावर फेकलं असतं. पण बाप, बायको, टिलीन, कोंबड्या, सगळं गेलं होतं. ‘अजिंक्य’ एवढाच एक शब्द उरला होता. पंचाण्णवमध्ये ज्याने सगळ्यांसमोर माझा श्वास काढला होता, त्याचा श्वास माझ्या हातात होता, आणि मला तो दाबवेना.

‘वय झालं तुमचं, कोंपाद्रे,’ मी म्हटलं. ‘बोटं मंदावली. सगळ्यांचीच मंदावतात.’

त्याने मान हलवली. पावाचा तुकडा तोडला, पण खाल्ला नाही.

‘पाती नवी घातलीस ना?’ तो म्हणाला.

मी पावाच्या पिशवीची घडी घालायला घेतली.

‘मशीन घरी आणल्यावर मी उघडून बघितलं. डोळे गेलेत, बोटं नाही. जुनी पाती मी शहाण्णवपासून ओळखतो. एकदा पुसायला म्हणून उघडलं आणि कळलं. उजवीकडे एकटाच उभा राहून बटण दाबत बसलो, सकाळपासून दुपारपर्यंत. मग फळी परत लावली.’

‘आणि तीस वर्षं बोलला नाहीत.’

‘आधी लाज वाटली. मग लोकांना इतकं आवडायला लागलं की मलाही खरं वाटायला लागलं. मग रेडिओ आला.’ त्याने तो तुकडा खाली ठेवला. ‘त्या दिवशी तू चार गोल मारलेस तेव्हाच समजलं की तुला सापडलंय. तेव्हापासून या अंगणात बसून वाट बघतोय. म्हटलं, सेनोबिया येईल, दारातून आत यायच्या आधीच मला चोर म्हणेल, आणि अख्ख्या गल्लीला ऐकवेल. तेवढी एकच बाई आहे या झोनमध्ये. तीन आठवडे वाट बघितली, आणि तू आलीस ती पाव घेऊन. आता तूसुद्धा माझी समजूत काढायला लागलीस. म्हणजे मी खरंच म्हातारा झालो.’

मला लाज वाटली. सगळ्या पटांगणाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता, त्यात एक हात माझाही निघाला. मग लाज गेली आणि तीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं.

‘चोर आहेस तू,’ मी म्हटलं, आणि उभी राहिले. ‘पंचाण्णवची फायनल माझी होती. तुला माहीत होतं, शहाण्णवपासून माहीत होतं, आणि मी बाजारात तुझ्या शेजारी बसून तुझी बडबड ऐकत होते. शाळेत पोरं मला बघून जीभ काढायची. तू त्या मास्तरांच्या गेमला लबाड म्हणालास. तू. आठवणीला गुण नाहीत म्हणतोस, आणि स्वतः काय खात होतास इतकी वर्षं?’

मी अर्धा तास बोलले. भिंतीवर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची डोकी आली. मी त्याच्या बापाच्या विजारीपासून माझ्या फळीवरच्या भाषणापर्यंत काही सोडलं नाही. तो मधे एकदाच बोलला. म्हणाला, तुझा पंचाण्णवचा दुसरा गोल ऑफसाइड होता. त्यावर त्याला आणखी दहा मिनिटं पडली. मी बोलत असताना त्याची मान हळूहळू खांद्यातून वर आली, आणि पाव त्याने सगळा खाल्ला.

मी थांबले तेव्हा तो म्हणाला, ‘शनिवारी हे रेडिओवर बोलशील? असंच. एक शब्द कमी करू नकोस.’

‘बोलेन,’ मी म्हटलं. ‘पण त्या दिवशी माझ्या हातात माईक, आणि निकाल मी देणार. गेमचा आधी, मग तुझा.’

नऊ वर्षं त्याने लोकांच्या लाडक्या वस्तू दहा मिनिटांत खपवल्या होत्या. लोक समोर ओठ चावत बसायचे आणि त्याला कधी काही वाटलं नाही. आता त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, ‘काय देशील?’

‘शनिवारी कळेल,’ मी म्हटलं, आणि त्याला तिथेच बसवून घरी आले. आज शुक्रवार आहे. काय निकाल द्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही, पण तो सकाळपासून माझ्या गाळ्यावर चार वेळा चहा घेऊन आला, आणि चारही वेळा मी त्याच्याशी हवेच्याच गप्पा मारल्या.